नौरू: अंतर्भाग गमावलेल्या बेटाचे प्रकरण

प्रशांत महासागरातील नौरू हे जगातील सर्वांत लहान प्रजासत्ताक असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस किलोमीटर आहे. या देशाबद्दल जे काही लिहिले जाते, त्यातील बहुतेक मजकूर पैशाबद्दल असतो: फॉस्फेट या खतासाठी लागणाऱ्या खनिजामुळे एके काळी आलेली श्रीमंती, तिची झालेली उधळपट्टी आणि नंतरची कंगाली. ही हकीकत खोटी नाही. परंतु तिच्यामुळे मूळ प्रकरण झाकले जाते असे माझे ठाम मत आहे. नौरूचे प्रकरण मुळात जमिनीचे आहे. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग खणून जहाजांत भरून परदेशी पाठवला गेला, लोकवस्ती किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात अडकून पडली आणि आता समुद्राची पातळी वाढत असताना त्याच वस्तीला त्या खणलेल्या पठारावर परत चढावे लागणार आहे. ही स्थिती कशी आली आणि ती पालटणे इतके अवघड का आहे, याचा हा अभ्यास आहे.

बेटाची घडण

नौरू विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरवर आहे. बेटाचे हे स्थान त्याच्या राष्ट्रध्वजावर जसेच्या तसे उतरवलेले आहे: निळ्या पार्श्वभूमीवर विषुववृत्ताची पिवळी आडवी रेषा आणि तिच्या लगेच खाली बारा टोकांचा पांढरा तारा, प्रत्येक टोक बेटावरील एका मूळ कुळासाठी. सर्वांत जवळची जमीन म्हणजे पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर असलेले बनाबा बेट. आज ते किरिबाती या देशात आहे आणि त्याच्याही वाट्याला हीच खाणकामाची कहाणी आली. या दोन बेटांच्या दरम्यान फक्त खोल समुद्र आहे.

बेट म्हणजे समुद्रतळापासून चार हजार मीटरहून अधिक उंच उठलेल्या एका ज्वालामुखी पर्वताचा माथा आहे. त्या माथ्यावर लाखो वर्षे प्रवाळांनी चुनखडकाचे शेकडो मीटर जाडीचे थर चढवले आणि कालांतराने हा चुनखडक समुद्राच्या पातळीच्या वर उचलला गेला. त्यामुळे तुवालू किंवा मार्शल बेटांप्रमाणे नौरू हे मध्ये खारकच्छ, म्हणजे समुद्राच्या पाण्याचे उथळ तळे, असलेले सखल कंकणद्वीप नाही. त्याच्या मध्यभागी तीस मीटर किंवा त्याहून अधिक उंचीचे पठार आहे, ज्याला स्थानिक लोक ‘टॉपसाइड’ म्हणतात, आणि पठाराचा सर्वोच्च भाग सुमारे सत्तर मीटरपर्यंत जातो. पठाराभोवती चुनखडकाचा कडा आहे, कड्याच्या पायथ्याशी दीडशे ते तीनशे मीटर रुंदीचा सपाट किनारपट्टा आहे, पट्ट्यापुढे ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा प्रवाळमंच आहे आणि त्या मंचाच्या काठाशी तळ एकदम खोल जातो. सखल कंकणद्वीपांना ही उंची लाभलेली नसते. समुद्र वाढला तर मागे सरकून वर चढायला जागा असणे, हे प्रशांत महासागरातील एखाद्या छोट्या देशासाठी किती मोलाचे आहे, हे आज आपल्याला कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी या उंचीकडे फक्त खनिजाचा साठा म्हणून पाहिले गेले.

या घडणीतून दोन अडचणी जन्मापासून बेटाच्या वाट्याला आल्या. पहिली म्हणजे नैसर्गिक बंदर नाही; प्रवाळमंच सगळीकडून वेढून आहे आणि त्यापलीकडे पाणी इतके खोल आहे की सामान्य जहाजाला नांगर टाकता येत नाही. दुसरी अडचण पाण्याची. सच्छिद्र चुनखडकातून पावसाचे पाणी झिरपून खाली जाते, त्यामुळे नदी किंवा ओढा एकही नाही. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर पातळ आणि बेभरवशाचा आहे. वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु ही सरासरी फसवी आहे. एल निन्योच्या वर्षी धो धो पाऊस होतो, तर ला निन्याच्या काळात महिनोन्महिने कोरडा दुष्काळ पडतो, म्हणजे पश्चिम प्रशांत किंवा भारताच्या अनुभवाच्या अगदी उलट.

खाणीपूर्वीचे पठार

१७९८ साली ब्रिटिश कप्तान जॉन फर्न याने जहाजावरून हे बेट पाहिले आणि त्याला ‘प्लेझंट आयलंड’ हे नाव दिले, ते किनाऱ्यावरची हिरवाई व माणसांची वर्दळ पाहून. वस्ती तेव्हाही मुख्यतः किनाऱ्याला आणि बुआदा येथील तळ्याभोवती होती. यावरून पठार रिकामे किंवा निरुपयोगी होते असा निष्कर्ष पुढे खाणमालकांनी सोयीने काढला, आणि तो चुकीचा होता. पठारावर उंडीचे दाट रान होते, तीच उंडी जी कोकणच्या किनाऱ्यावरही वाढते आणि जिच्या बियांच्या तेलाचा आपल्याकडे जुना वापर आहे. केवड्याच्या कुळातील पांडानसची झाडे होती, ज्यांची फळे दुष्काळासाठी वाळवून साठवली जात आणि पानांच्या चटया होत. समुद्रावर दिवसभर मासे टिपणारे काळे नॉडी पक्षी संध्याकाळी या झाडांवर परतत आणि त्यांना पकडून खाणे हा तेथील आहाराचा भाग होता व आजही आहे. आता पुरुष रात्री पठारावर जातात, पक्ष्यांचा ध्वनिमुद्रित आवाज लावतात आणि जवळ आलेले नॉडी लांब दांड्याच्या जाळीत धरतात. थोडक्यात, किनारा राहण्यासाठी आणि पठार अन्नाच्या आधारासाठी, अशी बेटाची विभागणी होती.

बुआदाचे तळेही याच व्यवस्थेचा भाग होते. पठाराच्या नैऋत्य भागातील खोलगटात असलेल्या या मचूळ पाण्याच्या तळ्यात नौरूकर इबिया, म्हणजे मिल्कफिश, पाळत. पिल्ले प्रवाळमंचावरील उथळ खाऱ्या पाण्यात पकडायची, त्यांना टप्प्याटप्प्याने कमी खाऱ्या पाण्याची सवय लावायची आणि मग तळ्यात सोडून वाढवायची. तळ्यात प्रत्येक घराण्याचा वाटा ठरलेला असे. १९६० च्या सुमारास बाहेरून आणलेला तिलापिया मासा या पाण्यात शिरला, त्याने इबियाच्या पिल्लांचे अन्न व जागा घेतली आणि ही पद्धत मोडकळीस आली. खाणीचा या घटनेशी थेट संबंध नाही, पण ती येथे सांगणे आवश्यक वाटते, कारण २१ चौरस किलोमीटरच्या बेटावर बाहेरून आलेला एखादा निर्णय किती खोलवर जातो हे तिच्यातून दिसते.

दगड, करार आणि जहाजे

१८८८ मध्ये जर्मनीने नौरू आपल्या संरक्षणाखाली घेतले. त्यानंतर दहाएक वर्षांनी सिडनीतील पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कार्यालयात दार अडवून धरण्यासाठी वापरला जाणारा नौरूचा एक दगड आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याच्या नजरेत भरला. तो अश्मीभूत लाकडाचा तुकडा समजला जात होता. एलिसने तपासणी केल्यावर ते अत्यंत उच्च प्रतीचे फॉस्फेट निघाले. जर्मन हक्कदारांशी व्यवहार होऊन पॅसिफिक फॉस्फेट कंपनीने खाणकाम सुरू केले आणि १९०७ पासून माल बाहेर जाऊ लागला. जमीनमालकाला सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी मिळत असे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने बेट ताब्यात घेतले. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसात करार करून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स हे मंडळ नेमले आणि त्यानंतर नौरू व बनाबा या दोन्ही बेटांवरील खाणहक्क कंपनीकडून पस्तीस लाख पौंडांना विकत घेतले. मालाची वाटणी ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के आणि न्यूझीलंड १६ टक्के अशी ठरली. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) नौरूची विश्वस्त जबाबदारी या देशांकडे सोपवली ती या करारानंतर. रहिवाशांचे कल्याण ही ‘पवित्र जबाबदारी’ मानणारी ती व्यवस्था कागदावर येण्याआधीच खालच्या मातीची टक्केवारी ठरलेली होती, हा घटनाक्रम माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. फॉस्फेट खर्चाच्या भावाने, म्हणजे जागतिक बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्तात, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना पोचवले जाई. त्या देशांतील निकृष्ट जमिनींवरची कुरणे आणि गव्हाची शेते या खतावर पोसली गेली आणि त्या स्वस्ताईचा फरक नौरूने भरला.

खाणीची पद्धत नीट समजून घेतल्याशिवाय पुढची अडचण कळत नाही. चुनखडकाच्या जुन्या पृष्ठभागाची पाण्याने झीज होऊन त्यात खोल खळगे आणि त्यांच्यामध्ये सुळके तयार झाले होते, आणि हे सगळे खळगे फॉस्फेटने भरून आले होते. वरून पाहिले तर झाडीने झाकलेली सपाट जमीन, आत मात्र दगडी सुळक्यांचे गाडलेले रान, अशी ती रचना होती. खाणकामगार झाडे तोडून वरचा मातीचा थर खरवडून बाजूला काढत आणि मग यंत्राच्या जबड्याने खळग्यांतील फॉस्फेट उपसून घेत. उपसा संपला की पाठीमागे उरत ते चार ते पंधरा मीटर उंचीचे, धारदार कडांचे, पांढरट-करडे चुनखडकाचे सुळके आणि त्यांच्यामधले खड्डे. अशा जमिनीवर घर बांधता येत नाही, नांगर चालत नाही आणि ती साधी पायी ओलांडणेही धोक्याचे असते.

बंदर नसल्याने माल चढवण्याची सोयही वेगळीच करावी लागली. पश्चिम किनाऱ्यावर ऐवो येथे १९३० मध्ये प्रवाळमंचाच्या पलीकडे समुद्रावर झेपावणारे मोठे पोलादी हात उभारले गेले. वाळवलेले फॉस्फेट सरकत्या पट्ट्यावरून या हातांच्या टोकाशी येई आणि खोल पाण्यात बांधलेल्या बोयांना जखडलेल्या जहाजाच्या पोटात पडे. पूर्वेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या काळात हा किनारा आडोशाचा असतो. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पश्चिमेचे वारे सुटले की जहाजांना बांधून घेणे अशक्य होते आणि ती बेटापासून दूर तरंगत थांबतात. डिसेंबर १९४० मध्ये नेमक्या अशाच थांबलेल्या जहाजांना जर्मनीच्या ओरायन व कोमेट या हल्लेखोर जहाजांनी गाठले आणि बुडवले. त्याच महिन्याच्या अखेरीस कोमेटने किनाऱ्यावरील यंत्रणेवर तोफा डागल्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्य बेटावर उतरले. त्याने किनारपट्ट्यावर धावपट्टी बांधली आणि १९४३ मध्ये सुमारे बाराशे नौरूकरांना कॅरोलाइन बेटांतील त्रुक येथे मजुरीसाठी नेले. उपासमार, रोगराई आणि बॉम्बहल्ले यांतून वाचलेले ७३७ लोक ३१ जानेवारी १९४६ रोजी बेटावर परतले. पुढे स्वातंत्र्यासाठी तीच तारीख निवडली गेली. नौरूकरांनी पुढे बेट सोडायला नकार का दिला हे समजून घेताना ही आठवण बाजूला ठेवता येत नाही.

बेट बदलण्याचा प्रस्ताव

१९६० च्या दशकात फॉस्फेट तीसेक वर्षांत संपेल हे स्पष्ट दिसू लागले होते. त्यावर बेटाचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या प्रशासकांना सुचलेला उपाय असा की जमीन दुरुस्त करण्यापेक्षा लोकांनाच हलवावे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड किनाऱ्याजवळचे कर्टिस बेट त्यासाठी पुढे करण्यात आले. नौरूकर प्रतिनिधींनी, ज्यांचे नेतृत्व हॅमर डीरोबर्ट करीत होते, ते बेट पाहिले, अटी पाहिल्या आणि १९६४ मध्ये प्रस्ताव नाकारला. कारण तेथे गेल्यावर त्यांना ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हावे लागणार होते, स्वतःचे राज्य मिळणार नव्हते. दुसऱ्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून बेट नौरूकरांच्या वस्तीयोग्य करण्यासाठी तातडीने पावले उचलण्याची शिफारस प्रशासक राष्ट्राला केली. पुनर्वसनाच्या तांत्रिक शक्यता तपासणाऱ्या तज्ज्ञांनीही बाहेरून माती आणून संपूर्ण बेट भरणे आवाक्याबाहेरचे, पण काही भाग सपाट करून वापरात आणणे शक्य, अशा आशयाचे मत दिले.

१९६७ च्या करारानुसार नौरूने फॉस्फेट उद्योगाची सामग्री दोन कोटी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतली, ३१ जानेवारी १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, डीरोबर्ट पहिले अध्यक्ष झाले आणि १ जुलै १९७० पासून उद्योग पूर्णपणे नौरूच्या हाती आला. तोवर फॉस्फेट असलेल्या जमिनीपैकी साधारण एक-तृतीयांश खणून झालेली होती. ती कोणी दुरुस्त करायची, हा प्रश्न करारात मिटला नाही.

१९८६ मध्ये नौरूने श्रीलंकेचे विधिज्ञ ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या निष्कर्षांच्या आधारे मे १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. १ जुलै १९६७ पूर्वी खणलेल्या जमिनीच्या पुनर्वसनाची जबाबदारी प्रशासक राष्ट्राची आहे, असे त्यात म्हटले होते. ब्रिटन व न्यूझीलंड हे पक्षकार नसताना एकट्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध खटला चालू शकत नाही, हा ऑस्ट्रेलियाचा प्रमुख आक्षेप न्यायालयाने जून १९९२ मध्ये बहुमताने फेटाळला आणि प्रकरण गुणवत्तेवर ऐकण्याचा मार्ग मोकळा केला. ती सुनावणी झालीच नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले, त्यातील ५.७ कोटी लगेच आणि उरलेले वीस वर्षांच्या हप्त्यांत. ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनी प्रत्येकी १.२ कोटींचा वाटा उचलला. खटला मागे घेतला गेल्याने विश्वस्त राष्ट्राने पालकत्वाखालील भूमीची हानी केली तर कायद्याने काय भरपाई द्यावी, या प्रश्नाचे न्यायालयीन उत्तर जगाला मिळाले नाही. नौरूपुरते रोख पैसे आले ही जमेची बाजू होती, तरीही हे उत्तर न मिळणे मला मोठे नुकसान वाटते.

पैशाची हकीकत, तिच्या मापाइतकीच

स्वातंत्र्यानंतर नौरूने खाणकाम थांबवले नाही. उलट जागतिक भावाने विकून ते चालू ठेवले, आणि उरलेल्या बहुतेक पठाराची उपसणी नौरूच्याच सरकारच्या काळात झाली. ही जबाबदारी नाकारण्यात अर्थ नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत दरडोई उत्पन्न जगातील सर्वोच्च देशांच्या रांगेत होते. फॉस्फेटच्या उत्पन्नातून साठवलेल्या न्यासाच्या निधीतून परदेशात मालमत्ता घेतल्या गेल्या, मेलबर्नमध्ये १९७७ मध्ये बावन्न मजली नौरू हाउस उभे राहिले, आणि काही हजार लोकसंख्येच्या देशाने स्वतःची विमानसेवा अनेक शहरांपर्यंत चालवली. गैरव्यवस्थापन, वाईट गुंतवणुकी आणि कर्जे यांमुळे निधी वितळला. नौरू हाउस २००४ मध्ये विकावे लागले आणि २००५ मध्ये धनकोंनी उरलेले एकमेव विमानही जप्त केले.

या हकीकतीत नौरूकरांच्या चुका खऱ्या आहेत. पण ज्या निधीच्या उधळपट्टीबद्दल त्यांना दोष दिला जातो, त्या निधीने बेटाची भूमीच परत मिळवायची होती, आणि ती भूमी हरवण्याची सुरुवात निधी अस्तित्वात येण्याच्या साठ वर्षे आधी झाली होती, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत अपुरी राहते.

२००१ पासून ऑस्ट्रेलियाने समुद्रमार्गे येणाऱ्या आश्रयार्थींना ठेवण्यासाठी नौरूवर छावण्या उभारल्या, मधल्या खंडानंतर २०१२ मध्ये त्या पुन्हा उघडल्या, आणि देशाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून येऊ लागला. या छावण्या उभ्या राहिल्या त्या याच उपसलेल्या पठारावर, सुळक्यांच्या मधोमध सपाट केलेल्या जागेत, जेथे सावली नाही आणि पांढरा दगड दिवसभर तापत राहतो. स्वतःच्या नागरिकांसाठी राहण्यायोग्य न केलेली भूमी दुसऱ्यांच्या हतबल माणसांना ठेवण्यासाठी वापरली गेली. त्या व्यवहारात दोन्ही देश सामील होते.

पुनर्वसन अडते कोठे

प्रश्न मुळात भूगर्भाचा आहे. सुळके तोडून त्यांचा चुरा खड्ड्यांत टाकला तर जमीन सपाट होते, पण मधला फॉस्फेटचा भराव निघून गेलेला असल्याने ती पूर्वीपेक्षा खालच्या पातळीवर सपाट होते. तरीही ती किनाऱ्यापेक्षा बरीच उंच राहते, म्हणून हा उपाय निरर्थक नाही. या कामासाठी नौरू पुनर्वसन महामंडळाचा कायदा १९९७ मध्ये झाला. महामंडळाने सुळके फोडून खडी करण्याचा मार्ग धरला, आणि त्याचबरोबर सुळक्यांच्या बुडाशी राहिलेले दुय्यम फॉस्फेटही २००५ नंतरच्या वर्षांत काढले जाऊ लागले. दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत, परंतु दुय्यम उपसा संपेपर्यंत कायमची सपाटी करता येत नाही, हा त्यातला पेच.

दुसरा आणि अधिक चिवट प्रश्न मातीचा. पठाराची मूळ माती फॉस्फेटने समृद्ध असली तरी तिची खरी सुपीकता वरच्या पातळ सेंद्रिय थरात होती. पोटॅश कमी, चुनखडीमुळे लोह, जस्त, मँगनीज ही मूलद्रव्ये झाडांना सहज न मिळणारी, पाणी धरून ठेवण्याची क्षमता मर्यादित, अशा जमिनीला जगवत होते ते शेकडो वर्षे साठलेले पानांचे कुजलेले द्रव्य. खाणीने सर्वांत आधी तेच काढून टाकले. जुन्या, कित्येक दशकांपूर्वी उपसलेल्या भागांत निसर्ग हळूहळू परतताना दिसतो: आधी सुळक्यांच्या सावलीतील फटींत नेचे येतात, मग झुडपे व पेरू, त्यानंतर वडाच्या जातीची झाडे आणि काही ठिकाणी पुन्हा उंडी. दगडाच्या कपारीत साठलेल्या मूठभर मातीत उंडीचे रोप धरलेले पाहून पुनर्वसन आपोआप होईल असा समज होऊ शकतो. परंतु ही झाडी सुळक्यांवर वाढते, सपाट शेतावर नाही, आणि तिची गती एका पिढीच्या हिशेबात बसत नाही. शेतीयोग्य जमीन तयार करायची तर कचऱ्यापासून खत करून, बाहेरून सेंद्रिय द्रव्य आणून, लहान लहान तुकड्यांवर दीर्घकाळ काम करावे लागेल. दरम्यान अन्नधान्य जवळजवळ पूर्णपणे आयात केले जाते, आणि मधुमेह व लठ्ठपणा यांचे बेटावरील प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत गणले जाते.

पाण्याची गोष्टही याच साखळीत येते. फॉस्फेटची जहाजे भरभराटीत होती तेव्हा परतीच्या फेरीत रिकाम्या पोटात वजन म्हणून पाणी भरून आणत. जहाजे कमी झाली तसा हा पुरवठा आटला. आज घरांच्या छपरावरून टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र यांच्यावर बेट जगते. संयंत्र विजेवर चालते, वीज मुख्यतः आयात केलेल्या डिझेलवर तयार होते, आणि डिझेल आणणाऱ्या जहाजालाही पश्चिमेचे वारे थांबण्याची वाट पाहावी लागते. ऐवो येथे आंतरराष्ट्रीय मदतीने नव्या बंदराचे काम हाती घेतले गेले त्यामागे हीच गरज आहे.

तिसरा अडसर मालकीचा आहे. नौरूवर जमीन सरकारची नाही, कुटुंबांची आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वारसाहक्काने एकेका तुकड्यावर अनेकांची, कधी कधी शेकडो जणांची अविभक्त मालकी चढलेली आहे. कोकणातील सामाईक सातबारा ज्याने हाताळला आहे, त्याला एका सहीसाठी काम कसे अडते हे वेगळे सांगायला नको. खाणीच्या काळात ही मालकी राहिली, भाडे व स्वामित्वधन मिळत गेले, पण जमिनीचा उपयोग संपला. उपयोग संपल्यामुळे हद्दी, वाटण्या आणि हक्क यांचा निकाल लावण्याची निकड कोणालाच राहिली नाही. आता सलग वसाहत आखायची म्हटली की प्रत्येक तुकड्याच्या वारसांची संमती लागते.

पुन्हा वर चढण्याची योजना

किनारपट्ट्यावर आज बेटाची सुमारे बारा हजार वस्ती, संसद, रुग्णालय, शाळा, वीज केंद्र आणि विमानतळ हे सर्व आहे. बेटाला फेरी घालणारा रस्ता वीस किलोमीटरहूनही कमी लांबीचा आहे. यारेन येथे जपान्यांनी बांधलेल्या धावपट्टीचाच विस्तार होऊन झालेला विमानतळ समुद्र आणि कडा यांच्या मधली जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो, आणि संसद भवन त्याच्या शेजारी समुद्राकाठी आहे. भरतीच्या मोठ्या लाटा रस्त्यावर येणे, विहिरींत खारेपणा शिरणे आणि किनारा खचणे या गोष्टी आता दरवर्षीच्या झाल्या आहेत. सखल शेजाऱ्यांपुढे परदेशी स्थलांतर हा पर्याय उभा राहत असताना नौरूपुढे स्वतःच्याच हद्दीत उंचावर जाण्याचा पर्याय आहे; फक्त तो उपसलेला आहे.

‘हायर ग्राउंड इनिशिएटिव्ह’ या नावाने सरकारने आखलेली योजना बहुसंख्य वस्ती टप्प्याटप्प्याने टॉपसाइडवर नेण्याची आहे. ‘लँड पोर्शन २३०’ या भूखंडापासून तिची सुरुवात ठरली: सुळके फोडून सपाटी, रस्ते, घरे, पाणी साठवण, भाजीपाल्याची जागा, असा हा नमुना. निधी उभारण्यासाठी नौरूने २०२४ मध्ये नागरिकत्व कार्यक्रम जाहीर केला. त्यात रक्कम भरून परदेशी व्यक्तीला नौरूचे पारपत्र घेता येते (सुरुवातीला ही रक्कम किमान एक लाख पाच हजार अमेरिकी डॉलर होती), आणि मिळणारी रक्कम हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांसाठी आहे असे सरकार सांगते. याशिवाय ट्यूना मासेमारीच्या परवान्यांचे उत्पन्न आहे, जे बेटाभोवतीच्या तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक सागरी क्षेत्रामुळे मिळते. खोल समुद्रतळावरील धातूंच्या गाठी काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम लवकर करावेत म्हणून नौरूने २०२१ मध्ये दोन वर्षांची मुदत घालणारी तरतूद वापरली. त्या खाणकामाला वैज्ञानिकांचा आणि अनेक प्रशांत शेजाऱ्यांचा तीव्र विरोध आहे. पठार दुरुस्त करण्याचा खर्च समुद्रतळ खणून भागवला जावा, हे मला मान्य होत नाही. पण ज्या देशाला पर्याय म्हणून खनिज, छावण्या आणि पारपत्रे एवढेच उरले, त्याच्यावर एकतर्फी दोषारोप करण्याआधी ४२, ४२ आणि १६ टक्के वाटणी झालेल्या त्या कराराकडे पाहावे लागते. १९९३ ची तडजोड रक्कम एका मर्यादित काळाच्या हानीपोटी होती. उरलेल्या पठाराची सपाटी, माती आणि पाणी यांचा खर्च मूळ लाभार्थी देशांनी नव्याने उचलण्याची मागणी नौरूने आज केली तर ती कायद्याने कदाचित टिकणार नाही, नैतिकदृष्ट्या मात्र ती पूर्णपणे रास्त आहे.

योजनेचे पुढील टप्पे तीन गोष्टींवर अवलंबून आहेत: वारसांच्या संमतीने जमिनीचे सलग भूखंड मिळणे, वर पाणी चढवण्यासाठी डिझेलऐवजी सौर वीज पुरेशी उभी राहणे, आणि दुय्यम उपसा कोणत्या भागात थांबवायचा याचा निर्णय वेळेत होणे. यातील पहिल्या गोष्टीसाठी बाहेरचा पैसा उपयोगी पडत नाही. ती कुटुंबाकुटुंबांतच ठरेल, आणि प्रत्येक तुकड्याच्या जुन्या हद्दी खाणीबरोबर नाहीशा झालेल्या असल्याने त्या आधी नकाशांवरून पुन्हा मोजून घ्याव्या लागतील.